गोल्फ कोर्सची देखभाल: मेंबरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोर्सची देखभाल करणाऱ्या आमच्याकडे हे प्रश्न वर्षभर येत राहतात. काही कुतूहलाने विचारलेले असतात, बरेचसे लागोपाठ तीन ‘पट’ (होलकडे मारलेले अलगद फटके) हुकल्यानंतर. चिडून विचारलेलेही आहेत तसेच ठेवले आहेत, कारण त्यांतच खरी माहिती दडलेली असते. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियमांचे प्रश्न शेवटी आहेत.

१. ग्रीन, टी, फेअरवे आणि रफ यांवर गवत नेमकं किती उंच ठेवता?

ग्रीनवर (जिथे बॉल घालायचा खळगा, म्हणजे होल, असतो) साधारण ३ ते ४ मिलिमीटर, टीवर (जिथून पहिला फटका मारतात) ८ ते १२, फेअरवेवर (त्या दोहोंमधला छाटलेला पट्टा) १० ते १५ किंवा थोडं जास्त. रफ, म्हणजे फेअरवेबाहेरचं उंच गवत, ४० मिलिमीटरच्या पुढे, मेंबरांना किती छळायचं ठरलंय त्यावर. गवताची जात आणि हवामान यांप्रमाणे आकडे बदलतात.

यातलं ग्रीन हे प्रकरण वेगळं आहे. गवत आपलं अन्न पानात तयार करतं. पान जितकं खाली छाटाल तितकं अन्न कमी आणि मुळं उथळ. थंड हवेतलं बेंटग्रास असो की उष्ण हवेतली हरळीची संकरित जात, ३ मिलिमीटरवर ती जगण्याच्या काठावरच असते. शिवाय एका कापणीत पानाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढू नये, असा जुना दंडक आहे. ३.५ मिलिमीटरवर ठेवलेलं गवत ५ मिलिमीटरच्या जरा वर गेलं की ही मर्यादा येते. म्हणून वाढीच्या दिवसांत ग्रीन रोज कापावं लागतं आणि रफला आठवड्यातून एकदा मशीन पुरते. खालच्या निम्म्या तक्रारींचं मूळ या परिच्छेदात आहे.

२. ग्रीन अगदी झकास झालंय आणि नेमकं आत्ताच त्यात भोकं पाडताय. का?

हा प्रश्न भोकांइतकाच नियमित येतो.

रोज शेकडो पावलं आणि मशीनची चाकं यांनी ग्रीनखालची माती दाबली जाते. दाबलेल्या मातीत हवा खेळत नाही, पाणी खाली उतरत नाही. त्यात वरच्या थरात मेलेल्या मुळा-खोडांचा काथ्यासारखा थर साठत जातो, त्याला थॅच म्हणतात. थोडा थॅच हवाच, त्याने बॉलचा आघात झेलला जातो. जास्त झाला की तो स्पंजासारखा पाणी धरून बसतो, ग्रीन मऊ पडतं आणि बुरशीला घर मिळतं. पोकळ टाइनने (मशीनच्या सळईसारख्या दात्याने) मातीच्या गुंडाळ्या बाहेर काढायच्या आणि त्या जागी वाळू भरायची, हा त्यावरचा जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय.

आता वेळेबद्दल. भोकं भरून यायला गवत जोरात वाढत असावं लागतं. थंड हवेतल्या गवतासाठी हा काळ वसंतात आणि उन्हाळा ओसरताना येतो, हरळीवर्गातल्या गवतांसाठी ऐन उन्हाळ्यात. ज्या हवेत ग्रीन झकास होतं त्याच हवेत जखम भरते. गवत झोपलेलं असताना भोकं पाडली तर ती महिनोन् महिने तशीच राहतील, आणि मग याच मेंबरांकडून वेगळं पत्र येईल.

सगळं ग्रीन उकरून टाकलं असं दिसतं खरं, पण हिशेब करून पाहा. अर्ध्या इंचाची टाइन आणि दोन भोकांत ५ सेंटिमीटर अंतर धरलं तर ग्रीनचा जेमतेम ५ टक्के पृष्ठभाग निघतो. वर्षाला १५ ते २० टक्के निघायला हवा असं मानणारे सुपरिटेंडेंट (कोर्सच्या देखभालीचे प्रमुख) पुष्कळ आहेत, म्हणजे दोनदा भोकं पाडूनही आपण हात आखडताच घेतलेला असतो.

एक वर्ष हे काम टाळलं तर काय होईल? बहुधा काहीच नाही. उलट शेजारच्या क्लबापेक्षा आपली ग्रीन्स चांगली दिसतील आणि कमिटीचं कौतुक होईल. धोका इथेच आहे. दुसऱ्या वर्षी ग्रीन मऊ लागायला लागतं, पावलं उमटतात. मग एखादा कडक उन्हाचा आणि दमट आठवडा येतो, आणि इंचभर खोल गेलेल्या मुळांना तो झेपत नाही. तेव्हा पाच टक्के नव्हे, अख्खं ग्रीन बंद ठेवावं लागतं.

३. मग पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात?

अर्ध्या इंचाच्या पोकळ टाइननंतर, वाढीला पोषक हवा असेल तर दोन ते तीन आठवडे. बारीक भरीव टाइनची भोकं चार-पाच दिवसांत दिसेनाशी होतात. त्यांनी माती बाहेर निघत नाही, फक्त हवा मिळते, त्यामुळे एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. बॉल भोकांवरून जाताना थोडा थरथरतो हे मान्य, पण बारा फुटांचे पट भोकांच्या आधीही फारसे पडत नव्हते.

४. वाळू कशासाठी पसरता? बॉलला चिकटते, बुटांना लागते.

थॅच विरळ करायला आणि बारीक उंचसखलपणा भरून काढायला. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा १९ व्या शतकातला ग्रीनकीपर ओल्ड टॉम मॉरिस ग्रीनवर वाळू टाकण्याचा मोठा पुरस्कर्ता होता, आणि मूळ कल्पना तेव्हापासून बदललेली नाही. बदललं ते प्रमाण. वर्षातून एकदा जाड थर देण्यापेक्षा दर दोन-तीन आठवड्यांनी हलकी फुंकर मारल्यासारखी वाळू द्यावी, हे आता सर्वमान्य आहे. इतकी पातळ की दुसऱ्या दिवशी दिसूही नये.

वाळू कोणतीही चालत नाही. यूएसजीए या अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ग्रीनखाली साधारण ३० सेंटिमीटर वाळूचं मिश्रण आणि त्याखाली १० सेंटिमीटर खडी असते. वरून वेगळ्या जाडीची वाळू पडत गेली की मातीत पापुद्रे तयार होतात आणि पाणी त्या सांध्यावर अडतं. स्वस्तात मिळालेल्या एका ट्रकने वीस वर्षांचं काम बिघडू शकतं.

५. आज ग्रीनचा स्पीड किती आहे? बोर्डावर का लिहीत नाही?

मोजण्याचं साधन म्हणजे स्टिंपमीटर. एडवर्ड स्टिंपसन नावाच्या हौशी गोल्फरने १९३५ ची यूएस ओपन ही स्पर्धा ओकमाँट या कोर्सवर पाहिली, तिथली ग्रीन्स अवाजवी वेगवान आहेत असं त्याला वाटलं आणि ते सिद्ध करायला त्याने ही पट्टी बनवली. यूएसजीएने ती १९७६ मध्ये सुधारून घेतली आणि १९७८ पासून सुपरिटेंडेंटांना दिली. ३ फूट लांबीची, मध्ये खाच असलेली पट्टी. एक टोक हळूहळू उचललं की साधारण २० अंशांवर बॉल सुटतो. सपाट जागेवर तीन बॉल एका दिशेने, तीन उलट दिशेने सोडायचे आणि ते किती फूट गेले त्याची सरासरी घ्यायची.

यूएसजीएने तेव्हा दिलेल्या तक्त्यात मेंबरांच्या रोजच्या खेळासाठी साडेसहा फूट म्हणजे मध्यम आणि साडेआठ म्हणजे वेगवान होतं. साडेदहा हा यूएस ओपनचा ‘वेगवान’ होता. आज शनिवारी सकाळी दहाच्या खाली आकडा आला की बारमध्ये कुजबुज सुरू होते. गवत, मशीन, रोलर सगळं सुधारलं हे खरं, पण ग्रीन्सचे उतार तेच राहिले. साडेसहाला बांधलेल्या ग्रीनवर अकराचा स्पीड आणला की उतारावरच्या कितीतरी जागा पिनसाठी (होलातल्या झेंड्यासाठी) बाद होतात, कारण होलजवळ बॉल थांबतच नाही. उरलेल्या दोन-तीन सपाट जागांवर रोज पिन लागते, तिथलं गवत झिजतं, आणि मग ‘तीच तीच पिन का’ असं विचारलं जातं (प्रश्न १४).

बोर्डावर न लिहिण्याचं कारण एवढंच की आकडा लिहिला की त्याची शर्यत लागते. हे साधन अठरा ग्रीन्स एकमेकांसारखी आहेत का हे तपासायला आहे. तिसरं साडेनऊ आणि बारावं आठ असेल तर तो आमचा दोष आणि त्याची तक्रार जरूर करा. सगळी नऊ असतील तर पट करायला शिका, असं मी म्हणणार नाही, पण विचार मनात येतो.

६. टीव्हीवरच्या स्पर्धेत दिसतात तशी ग्रीन्स आपल्याकडे का होत नाहीत?

टीव्हीवर दिसतो तो कोर्सच्या वर्षातला एक आठवडा. मास्टर्स ही एप्रिलमधली मोठी स्पर्धा जिथे होते तो ऑगस्टा नॅशनल क्लब उन्हाळ्यात, मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, बंदच असतो. तिथल्या ग्रीन्सखाली हवा खेळवणारी आणि ओल शोषून घेणारी यंत्रणा आहे. बाकी स्पर्धांच्या ठिकाणीही आधी खेळ कमी केलेला असतो आणि त्या आठवड्यात इतर कोर्सवरून मदतीला माणसं आलेली असतात. स्पर्धा संपल्यावर गवताची उंची पुन्हा वर नेली जाते, हे कॅमेरा दाखवत नाही.

आपल्याकडे मेंबर वर्षभर खेळतात, आणि तसंच असायला हवं. त्या बदल्यात एप्रिलमधला रविवार रोज मागता येत नाही.

७. निदान गवत अजून खाली कापा. ते नको तर रोलर तरी फिरवा.

रोलर हा जास्त शहाणपणाचा पर्याय. हलक्या रोलरने त्या दिवसापुरता स्पीड वाढतो, पृष्ठभाग सारखा होतो आणि पानाला हात लागत नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत तर नियमित रोलिंगने डॉलर स्पॉट हा बुरशीचा रोग कमी झालेला दिसला. वाळूवर बांधलेल्या ग्रीनवर आठवड्यातून काही वेळा रोलर चालतो. ओल्या चिकणमातीच्या जुन्या ग्रीनवर तोच रोलर माती दाबून बसवतो.

कापणी खाली आणण्याने आठवडाभर कौतुक होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर हे केलं तर काय होतं ते प्रश्न १ वरून कळेल. कडक हवेत आम्ही उंची अर्ध्या मिलिमीटरने वाढवतो ती गवत जगवायला, आळसापायी नव्हे.

८. सकाळी ग्रीन मखमली आणि दुपारी बॉल उड्या मारतो. दुपारच्यांनी काय पाप केलंय?

त्यांच्या आधी खेळलेल्या सगळ्यांची पावलं, न बुजवलेले पिच मार्क (बॉल आदळून पडलेले खड्डे) आणि दिवसभरात वाढलेलं गवत. थंड हवेच्या ग्रीन्सवर पोआ अॅन्युआ नावाचं घुसखोर गवत असेल तर त्याचे बारीक तुरे वसंतात दुपारपर्यंत वर येतात आणि तीन फुटांचा पट खडखडतो.

९. फेअरवेवर तपकिरी पट्टे पडलेत, तरी पाणी का देत नाही?

बऱ्याचदा तिथे पाणी दिलेलं असतं, पण ते आत गेलेलं नसतं. वाळूच्या कणांवर सेंद्रिय पदार्थांचा मेणासारखा लेप चढतो आणि माती पाणी झिडकारायला लागते. वर शिंपडा (स्प्रिंकलर) दोन तास चालला तरी दोन बोटांखाली धूळ. अशा जागी पाणी पसरवणारं द्रव्य, टाइन आणि हाताने नळी धरून पाणी देणारा माणूस हे तिन्ही लागतं. सगळा शिंपडा अर्धा तास वाढवून डाग जात नाही, आजूबाजूची चांगली जागा तेवढी चिखल होते.

दुसरं म्हणजे तपकिरी गवत मेलेलंच असतं असं नाही. कोरड्या दिवसांत बरीच गवतं वरून सुकून खाली जिवंत राहतात आणि पाऊस आला की उठतात. कोरड्या, टणक फेअरवेवर बॉल पुढे वीस पावलं धावतो, हे कोणी पत्र लिहून कळवत नाही.

पाण्याचा हिशेबही समोर ठेवा. ५०० चौरस मीटरच्या एका ग्रीनला ५ मिलिमीटर पाणी म्हणजे २,५०० लिटर. फेअरवे एकूण दहा हेक्टर असतील तर तेवढ्याच पाण्याला ५ लाख लिटर लागतात, एका रात्रीला. हिरवा रंग हे ध्येय ठरवलं तर हे पाणी रोज ओतावं लागेल, आणि त्याबदल्यात मऊ जमीन, जास्त रोग आणि कमी रोल मिळेल. माझं मत विचाराल तर हिरव्यापेक्षा टणक बरा.

१०. मी पट करत असताना भर दुपारी माणूस नळी घेऊन येतो. रात्री देता येत नाही का?

मुळांसाठीचं पाणी रात्री किंवा पहाटेच दिलेलं असतं. दुपारची ही फवारणी पानं थंड करायला असते. उथळ मुळं कडक उन्हात पुरेसं पाणी ओढू शकत नाहीत, पानं निळसर दिसायला लागतात, दबलेलं गवत परत उभं राहत नाही, पावलाचा ठसा तसाच राहतो. तेव्हा मिनिटभराची हलकी फवारणी बाष्पीभवनाने पानाचं तापमान उतरवते. तुमचा ग्रुप ग्रीन सोडेपर्यंत तो थांबेल, पण त्याला पंधरा मिनिटं ताटकळत ठेवू नका. पुढचं ग्रीनही वाट पाहतंय.

११. पिच मार्क बुजवायची योग्य पद्धत कोणती? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

फोर्क खड्ड्याच्या आत खुपसू नका, त्याच्या कडेबाहेर खुपसा आणि कडेचं गवत मध्याकडे ढकला. चारही बाजूंनी असं केल्यावर पटरने (पट मारायच्या काठीने) हलकं दाबा. फोर्क खाली दाबून मधली माती वर उचलणं ही सर्वांत पसरलेली चूक. त्याने मुळं तुटतात आणि दोन दिवसांनी तिथे तपकिरी टिकली उमटते. म्हणजे असा बुजवलेला मार्क कधी कधी न बुजवलेल्यापेक्षा वाईट.

लगेच, नीट बुजवलेला मार्क काही दिवसांत भरतो. तसाच सोडलेला कितीतरी जास्त वेळ घेतो आणि शेवटी खळगा ठेवून जातो. आपला एक आणि बाजूचा आणखी एक बुजवला तर पहाटे माणसांना फक्त मार्क बुजवत फिरावं लागणार नाही.

जाता जाता: ‘ग्रीनवर बॉल थांबत नाही’ आणि ‘ग्रीन्स संथ आहेत’ या दोन तक्रारी अनेकदा एकाच मेंबराकडून येतात. बॉल धरणारं मऊ ग्रीन आणि सुसाट पळणारं ग्रीन एकाच सकाळी मिळत नाही. मऊ ग्रीनवर मार्कही खोल पडतात.

१२. डिव्हॉट परत बसवायचा की वाळू टाकायची?

डिव्हॉट म्हणजे फटक्यासरशी उडालेला गवताचा तुकडा. त्याचं काय करायचं ते गवतावर अवलंबून आहे. थंड हवेच्या गवताचा तुकडा मातीसकट अखंड निघाला असेल तर परत ठेवा आणि पायाने दाबा, ओल असेल तर तो मूळ धरतो. हरळीवर्गातलं गवत आडव्या धावत्या खोडांनी पसरतं, तिथे वाळू भरली की ते आपणच खड्डा भरून काढतं. परत ठेवलेला तुकडा बहुधा सुकतो. भुगा झाला असेल तर दोन्हीकडे वाळूच. वाळू जमिनीच्या पातळीला ठेवा, ढीग केला तर मशीनची पाती बोथट होतात.

पार-३ च्या (तीन फटक्यांच्या छोट्या होलच्या) टीवर नेहमी वाळू. आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याच्या काठीने) सगळ्यात जास्त तुकडे तिथेच निघतात, म्हणून टीच्या खुणा सतत हलवाव्या लागतात.

१३. काही बंकरमध्ये वाळू भरपूर, काहींत खालचा दगड लागतो. असं का? आणि रेक आत ठेवायचा की बाहेर?

बंकर म्हणजे मुद्दाम ठेवलेला वाळूचा खड्डा. त्याच्या उताराची वाळू पावसाने आणि पावलांनी तळाला येते. तळाशी सुमारे १० सेंटिमीटर आणि उतारावर त्याच्या निम्मी एवढं प्रमाण राखायचा प्रयत्न असतो. मोठ्या पावसानंतर ती फावड्याने वर चढवावी लागते, आणि अठरा होल्सच्या बंकरना दोन दिवस सहज जातात. खालचा दगड लागत असेल तर तो दोषच, जरूर कळवा. नवीन टाकलेली वाळू मात्र काही महिने सैल राहते, बॉल रुततो. तिथे वेळ जाऊ देण्याशिवाय इलाज नाही.

रेक, म्हणजे वाळू सारखी करायचं दाताळं, शक्यतो बाहेर, बॉल अडण्याची शक्यता कमी अशा जागी, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. कोणाच्या न बुजवलेल्या पावलात बॉल पडला तर सुटका (दंडाशिवाय बॉल हलवण्याची मुभा) नाही. बंकर शिक्षा म्हणूनच असतो. त्यात फेअरवेसारखी खात्री मागणारे बंकरसाठी लागणारे तास ग्रीनच्या वाट्यातून काढून घेत असतात.

१४. आजची चौथ्या होलची पिन म्हणजे चेष्टा होती. जागा कोण ठरवतं?

सकाळी होल कापणारा माणूस, आठवड्याच्या आराखड्यानुसार. सर्वसाधारण पथ्यं अशी: ग्रीनच्या कडेपासून किमान चार पावलं आत, होलभोवतीचा दोन-तीन फुटांचा भाग शक्य तितका सपाट, आणि कालच्या जागेपासून लांब. अठरापैकी सहा सोप्या, सहा मध्यम, सहा अवघड अशी वाटणी बरेच जण पाळतात. जोरदार पाऊस अपेक्षित असेल तर सखल जागा टाळल्या जातात.

तुमची तक्रार कधी कधी अगदी बरोबरही असते. पहाटे ओल असताना निवडलेली जागा दुपारी वारा सुटल्यावर आणि ग्रीन सुकल्यावर खेळण्याजोगी राहत नाही. दोन फुटांवरून हुकलेला बॉल सहा फूट खाली जात असेल तर लगेच कळवा, स्पर्धा संपल्यावर नव्हे.

होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो आणि त्याची कड ही ग्रीनवरची सर्वांत नाजूक जागा. पटरच्या डोक्याने बॉल उपसून काढू नका.

१५. पाऊस थांबून तीन तास झाले, ऊन पडलंय. कार्ट अजून बंद का?

ऊन पानं सुकवतं, खालची माती नाही. ओलीच माती वजनाखाली सगळ्यात जास्त दबते आणि ते वरून दिसत नाही. कार्टचा (खेळाडूंच्या छोट्या गाडीचा) माग दोन दिवसांत जातो, दबलेली माती पुढच्या उन्हाळ्यात पिवळा पट्टा होऊन वर येते. अर्धवट सुकलेल्या दिवशी काटकोनाचा नियम लागतो: बॉलच्या समोर येईपर्यंत रस्त्यावरून, मग सरळ आडवं आत, आणि तसंच परत. वैद्यकीय कारणाने सवलतीचा झेंडा असेल तर तो फेअरवेसाठी असतो, ग्रीनच्या काठापर्यंत जाण्यासाठी नव्हे.

१६. हिमतुषार पडलेत म्हणून तासभर थांबवलं. चालत गेलं तर काय बिघडतं?

पानातलं पाणी गोठलेलं असतं. त्यावर पाय पडला की पेशींच्या भिंती फुटतात. त्या क्षणी काहीच दिसत नाही. दोन दिवसांनी चार जणांची अख्खी वाट टीपासून ग्रीनपर्यंत काळपट उमटते आणि काही आठवडे टिकते. नुसतं दव असेल तर खुशाल चाला.

१७. पाचव्या ग्रीनजवळचं जुनं झाड का तोडलं?

या प्रश्नाला जेवढा राग येतो तेवढा भोकांनाही येत नाही, आणि राग समजण्यासारखा आहे. पण सावली आणि कोंडलेली हवा ही ग्रीनची दोन मोठी दुखणी. सकाळचं ऊन सर्वांत मोलाचं, कारण त्याने दव लवकर सुकतं आणि बुरशीला वेळ मिळत नाही. संकरित हरळीला तर दिवसाला आठेक तास थेट ऊन लागतं. झाडाची मुळंही ग्रीनखाली शिरून पाणी पळवतात. आधी फांद्या विरळ करून आणि मुळांच्या वाटेत चर खणून पाहिला जातो. तरीही तेच ग्रीन दरवर्षी मरत असेल तर निवड करावी लागते. झाड काढायचं कारण खुणेसह आधी मेंबरांना दाखवलं गेलं पाहिजे, असं मला वाटतं. रविवारी फांद्या आणि सोमवारी बुंधा, हे चूक.

१८. आठवड्यातला एक दिवस कोर्स बंद का?

खतं, औषधफवारणी, वाळू, मोठी मशीनं ही कामं खेळाडूंच्या मधून होत नाहीत. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्सही एरवी रविवारी खेळासाठी बंद असतो.

१९. समोर माळी काम करतोय. मी मारू का?

त्याने तुमच्याकडे पाहून हात करेपर्यंत नाही. मशीनवर कान झाकलेले असतात, ‘फोर’ ही सावध करायची हाक ऐकू जात नाही. तुमचा बॉल तिथवर पोचणार नाही, या अंदाजावर त्याचं डोकं पणाला लावू नका. त्यानेही ग्रुप आला की बाजूला व्हावं, अशीच अपेक्षा आहे.

२०. बॉल टाइनच्या भोकात बसला. फुकट सुटका मिळते का?

आपोआप नाही. टाइनची भोकं ‘दुरुस्तीखालील जमीन’ या व्याख्येत येत नाहीत. कमिटीने त्यासाठीचा स्थानिक नियम लागू केला असेल तरच, आणि तोही बॉल भोकात किंवा भोकाला टेकलेला असेल तर. ग्रीनवर तुमच्या पटच्या रेषेत भोकं येतात म्हणून किंवा पाय भोकांवर पडतात म्हणून सुटका नाही. २०१९ पासून ग्रीनवरचे पिच मार्क आणि बुटांचे ओरखडे बुजवता येतात, पण टाइनची भोकं आणि होलच्या कडेची नैसर्गिक झीज बुजवता येत नाही.

२१. पसरलेली वाळू माझ्या रेषेतून झटकू शकतो का?

ग्रीनवर हो. ग्रीनवरची सुटी वाळू आणि माती दंडाशिवाय बाजूला करता येते. बॉल फ्रिंजवर (ग्रीनला लागून असलेल्या कडेच्या पट्ट्यावर) असेल तर अलीकडची, फ्रिंजवरची वाळू तशीच राहू द्यावी लागते, पलीकडची ग्रीनवरची झटकता येते. एकाच पटच्या रेषेत दोन कायदे, पण आहे हे असं.

२२. टेम्पररी ग्रीनवर खेळतोय आणि बॉल नेहमीच्या ग्रीनवर जाऊन बसला. आता?

त्या वेळी नेहमीचं ग्रीन हे ‘चुकीचं ग्रीन’ ठरतं. तिथून खेळायला मनाई आहे, सुटका घेणं सक्तीचं आणि विनादंड. ग्रीनबाहेर जवळचा बिंदू शोधा, होलच्या जवळ न जाता एका क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) लांबीएवढ्या अंतरात ड्रॉप करा, म्हणजे बॉल हातातून खाली सोडा. बॉल बाहेर पण पाय ग्रीनवर येत असतील तरीही हेच.

२३. खड्ड्याभोवती रेषा मारलेली नाही. तरी सुटका?

देखभालीसाठी माणसांनी खणलेला खड्डा आणि उचलून नेण्यासाठी रचलेला पालापाचोळ्याचा ढीग यांना रेषा नसली तरी सुटका आहे. ट्रॅक्टरच्या चाकोरीला मात्र कमिटीने खूण केल्याशिवाय नाही. कोपऱ्यात कायमचं टाकून दिलेलं कापलेलं गवतही, उचलायचा इरादा नसल्यामुळे, या व्याख्येत बसत नाही. ते सुटं असल्यामुळे हाताने बाजूला करता येतं, बॉल हलणार नाही एवढं पाहा.

२४. शिंपड्याचं झाकण माझ्या बॉलच्या आणि होलच्या मध्ये आहे. फ्रिंजवरून पट करायचाय.

बॉल झाकणावर असेल किंवा ते तुमच्या उभं राहण्याच्या किंवा स्विंगच्या आड येत असेल तर विनादंड सुटका आहेच. फक्त रेषेत येत असेल आणि बॉल ग्रीनबाहेर असेल तर मूळ नियमात सुटका नाही. बरेच क्लब त्यासाठी स्थानिक नियम ठेवतात: झाकण ग्रीनपासून दोन काठ्यांच्या लांबीच्या आत आणि बॉलपासूनही तेवढ्याच अंतरात असेल तर रेषेसाठीही सुटका. तो लागू आहे की नाही हे स्कोअरकार्डच्या मागे पाहा. नसेल तर चिप करा (बॉल छोट्या फटक्याने झाकणावरून उडवा).